बिनदुधाची शिदोरी

प्रवासाला निघालेल्या माणसाला आमच्या मराठवाड्यात दोन प्रश्न हटकून विचारले जातात. पहिला, "कुणीकडं निघालात?" आणि दुसरा, "बरोबर काय घेतलं?" यांतला दुसरा प्रश्न अधिक जिव्हाळ्याचा. कुठे निघालो याचे उत्तर मोघम दिले तरी कोणाचे काही बिघडत नाही. पण बरोबर भाकरी घेतली नाही म्हटले, की विचारणाऱ्या माउलीचा जीव खरोखर कळवळतो. आमच्याकडे प्रवासाची तयारी म्हणजे शिदोरीची तयारी. कपडेलत्ते मागाहून.

मी करमाडचा. छत्रपती संभाजीनगरहून, म्हणजे पूर्वीच्या औरंगाबादहून, जालन्याकडे जाताना रेल्वे आणि सडक या दोन्ही आमच्या गावावरून जातात. त्यामुळे घरच्या ओट्यावर बसल्या बसल्याही माणसाला प्रवासाचे वेड लागावे. मी शाळेत चित्रकला शिकवतो. मॅट्रिकच्या पुढे माझी मजल गेली नाही, तरी रात्री कंदिलाच्या नाही पण विजेच्या दिव्याखाली बसून कादंबऱ्या लिहितो. या दोन उद्योगांपायी फिरणे फार. मास्तर म्हणून निवडणुकीचे काम, प्रशिक्षणे, परीक्षांची केंद्रे; लेखक म्हणून कुठल्या ग्रंथालयाचा वार्षिकोत्सव, कुठली व्याख्यानमाला, कुठले संमेलन. महिन्यातले सात-आठ दिवस तरी माझे ताट परक्या छपराखाली वाढले जाते. आणि अशा या फिरस्त्या माणसाने नऊ वर्षांपूर्वी दूध सोडले! दुधाबरोबर दही, ताक, लोणी, तूप ही सारी गणगोतमंडळीही ओघानेच गेली.

नुसते मांस वर्ज्य असते तर कोणी चकार शब्द काढला नसता. आमचे वडील माळकरी. गळ्यात तुळशीची माळ आली की मांस सुटते, हे आपल्याकडे शेंबडे पोरसुद्धा जाणते, नि माळकऱ्याच्या ताटाला लोक आपणहून जपतात. पण दूध न घेणारा माणूस आमच्या लोकांच्या कोणत्याच खणात बसत नाही. दूध म्हणजे सात्त्विकाहून सात्त्विक. ते देवाला चालते, उपासाला चालते, आजाऱ्याला चालते. मग या एकट्या मास्तरालाच का चालू नये? कोणी म्हणते, पोट बिघडले असेल. कोणी म्हणते, लेखकमंडळी अशीच.

कारण विचाराल तर ते फार जुने आहे. माझ्या लहानपणी शेजारच्या गोठ्यात एक म्हैस होती. तिचे रेडकू मेले, तेव्हा त्याच्या कातड्यात पेंढा भरून ते तिच्यापुढे उभे केले गेले. ती बिचारी ते चाटायची आणि पान्हवायची. शेजारी काही दुष्ट माणूस नव्हता. कोरडवाहू जमीन, पावसाचा भरवसा नाही, आणि घरचे मीठमिरची चाले ते दुधाच्या पैशांवर. त्याला दोष देण्याचे माझ्या मनात तेव्हाही आले नाही, आजही येत नाही. परंतु ते पेंढ्याचे रेडकू माझ्या डोळ्यांपुढून काही हलले नाही. चाळिशीच्या उंबरठ्यावर एके दिवशी दुधाचा पेला पुढे आला, तो मी मुकाट्याने बाजूला सारला. झाले ते एवढेच.

या रीतीला इंग्लंडात १९४४ साली नाव मिळाले. डोनाल्ड वॉटसन आणि त्याचे मित्र यांनी 'व्हीगन' हा शब्द घडवला आणि आपली संस्था काढली. पण त्याच्या कितीतरी आधी आपल्याकडच्या एका सतत फिरणाऱ्या माणसाने हा प्रयोग करून पाहिला होता. कलकत्त्याला गाईचे अखेरच्या थेंबापर्यंत दूध काढून घेण्यासाठी 'फूका' नावाचा क्रूर प्रकार करीत, त्याची हकीकत गांधीजींनी वाचली होती. १९१२ साली दक्षिण आफ्रिकेतल्या टॉलस्टॉय फार्मवर हर्मन कॅलनबाख या मित्राबरोबर त्यांनी दूध सोडले. दोन वर्षांनी ते लंडनला आले आणि तिथे आजारी पडले. डॉक्टर जीवराज मेहता उपचार करीत होते. गांधीजी त्या वेळी फळे आणि दाणे यांवर राहत. डॉक्टरांचे म्हणणे, धान्य घ्या, दूध घ्या. ही गोष्ट गोपाळ कृष्ण गोखल्यांच्या कानी गेली आणि त्यांनी आग्रह धरला. गोखले म्हणजे गांधीजींच्या गुरुस्थानी. त्यांना नाही कसे म्हणायचे? गांधीजींनी चोवीस तासांची मुदत मागितली, रात्रभर विचार केला, आणि दुसऱ्या संध्याकाळी सांगितले की बाकी सारे ऐकतो, दूध तेवढे घेणार नाही. गोखल्यांना तो निर्णय पसंत नव्हता. तसे त्यांनी स्पष्ट बोलूनही दाखवले. पण पुढे आग्रह केला नाही; उलट डॉक्टरांनाच सांगितले, की यांनी घालून घेतलेल्या मर्यादेत बसेल तेच द्या.

पुढे १९१९ च्या आरंभी मुंबईत दुखण्याने फारच गांजले असताना कस्तुरबांनी आठवण करून दिली, की नेम गाई-म्हशींच्या दुधाचा मनात धरून केलेला, शेळीच्या दुधाचा नव्हे. गांधीजींनी शेळीचे दूध घेतले. मात्र आपण व्रताचा शब्द राखला आणि आत्मा गमावला, अशी खंत त्यांनी आत्मचरित्रात नमूद करून ठेवली आहे. मला या हकिकतीत गांधीजींइतकेच गोखले मोठे वाटतात. स्वतःला न पटलेली माघार दुसऱ्याच्या मनासाठी घेणे, हे यजमानाचे व्रत. पाहुण्याच्या व्रताहून ते तसूभरही कमी नाही.

आता तुम्ही म्हणाल, गांधीजींचे ठीक. पण मास्तर, तुम्ही खाता तरी काय? वाचकहो, हाच प्रश्न सर्वांत सोपा आहे. ज्वारीच्या भाकरीला लागते पीठ आणि पाणी. पिठल्याला बेसन, कांदा, मिरची आणि पळीभर तेल. ठेच्याला मिरची, लसूण, मीठ. शेंगदाण्याची, जवसाची, कारळाची अशा तीन चटण्या तीन डब्यांत भरल्या की तीन दिवस रुची पालटत राहते. धान्ये आणि मसाले भाजून दळलेले येसर पिशवीत असले, तर कुठल्याही चुलीवर ते पाण्यात कालवून फोडणी द्यावी. झणझणीत आमटी तयार. सोलापूरकडची कडक भाकरी तर दिवसेंदिवस टिकते. आमच्या धपाट्यांत पुष्कळ घरी दही घालतात. माझी बायको ते पाण्यात मळते नि तेलाचा हात थोडा सढळ ठेवते. फरक कोणाला कळत नाही. चुकामूक झाली आहे ती एकाच मैत्रिणीची. शिदोरीतली राणी म्हणजे दशमी, आणि नेमकी तीच दुधात भिजवलेली! तिला मी आता दुरूनच नमस्कार करतो.

२०२२ च्या एप्रिलमध्ये उदगीरला ९५ वे अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलन भरले होते. तिथे मी एका दुपारी झाडाखाली धपाटे सोडले, तेव्हा शेजारी टेकलेल्या तिघा अनोळखी माणसांनी आपापल्या पिशव्या उघडल्या. एकाची भाकरी, एकाचा भाजणीचा वडा, एकाचे भाजलेले शेंगदाणे. चौघांचे मिळून जे जेवण झाले त्यात दुधाचा थेंब नव्हता, आणि तसे कोणी ठरवलेही नव्हते.

गंमत होते ती खानावळीत. "तूप लावू नका" म्हटले की वाढपी विचारतो, "उपास आहे का?" नाही म्हटले की, "मग जैन का? कांदा-लसूण चालतो ना?" कांदा भरपूर द्या म्हटले की तो गोंधळतो, नि शेवटी डॉक्टरांवर भार टाकून मोकळा होतो: "असं होय, पथ्य आहे म्हणा की!" मी मान डोलावतो. कढी, ताक, दह्यातली कोशिंबीर बाजूला राहते. वरण, भात, उसळ, भाकरी, पालेभाजी ताटात उरते. एवढ्यावर आपली निम्मी प्रजा जन्म काढते. स्टेशनावरचा चहा मात्र दुधासकटच उकळलेला असतो, त्याला इलाज नाही. बटाटेवडा, भजी, पोहे यांनी माझा तो विरह बराच सुसह्य केला आहे.

शरीराचेही गणित बसते. ज्वारीत लायसिन नावाचे प्रथिनाचे एक अंग कमी असते, ते डाळीत भरपूर. डाळीत मेथिओनिन कमी, ती उणीव धान्य भरून काढते. म्हणजे भाकरी आणि पिठले यांचे लग्न आपल्या पूर्वजांनी पत्रिका न बघता अगदी योग्य लावले. कॅल्शियमसाठी तीळ आहेत, नाचणी आहे. एक गोष्ट मात्र झाडपाल्यातून भरवशाने मिळत नाही, ती म्हणजे बी-१२ जीवनसत्त्व. त्याची गोळी डॉक्टरांच्या सल्ल्याने घ्यावी लागते, आणि ती माझ्या पिशवीत ठेच्याच्या डबीशेजारी असते. व्रताचा अभिमान धरून तिला नको म्हणण्यात शहाणपण नाही.

तेव्हा पोट भरणे हा काही या नेमाचा अवघड भाग नव्हे. अवघड भाग खानावळीत नसतोच. तो घरांत असतो. शाळेच्या कामाने एखाद्या वस्तीवर जावे, तो पालक हात धरून आत नेतात. घरात दूध नसले तर पोराला वाटी देऊन शेजारी पिटाळतात. चार कप चहा येतो, वर साय तरंगत असते, आणि ती साय हाच पाहुण्याचा मान असतो. त्या कपाला नाही कसे म्हणावे?

आणि येथे, वाचकहो, नुसता सभ्यतेचा प्रश्न नाही. "मला चालत नाही" हे तीन शब्द आपल्या देशात फार वाईट संगतीत वाढलेले आहेत. शतकानुशतके ते अन्नाबद्दल उच्चारले जात, पण असत माणसाबद्दल. तुमच्या हातचे चालत नाही, तुमच्या घरचे चालत नाही, तुमचे पाणी चालत नाही. २० मार्च १९२७ रोजी डॉक्टर बाबासाहेब आंबेडकरांनी महाडला चवदार तळ्याचे पाणी हाती घेतले, तो लढा ओंजळभर पाण्याचा नव्हता, माणूसपणाचा होता. त्याच बाबासाहेबांनी १९५० साली आमच्या औरंगाबादेत महाविद्यालय उभे केले, तेच पुढे मिलिंद महाविद्यालय म्हणून नावारूपाला आले. तिथे शिकलेल्यांची मुले-नातवंडे आज आमच्या शाळांतून माझ्यापुढे बसतात. त्यांच्या घरच्या ओट्यावर बसून मी "चालत नाही" म्हणालो, तर ते शब्द दुधापाशी थांबत नाहीत. आजोबांच्या आठवणीपर्यंत जाऊन पोहोचतात. काय खातो, काय खात नाही, यावरून आपण कोण मोठे नि कोण धाकटे हे ठरवीत आलो. माझ्या या साध्या नेमाला त्या उच्चपणाचा वासही लागू नये, ही मला काळजी असते.

म्हणून मी एक रीत घालून घेतली आहे. कोणाच्याही घरी गेलो की टेकायच्या आधी पाणी मागायचे. माठातले, घरचे, तांब्याने. ते घटाघटा प्यायचे, नि मग दुधाचे सांगायचे.

२०२४ च्या २० नोव्हेंबरला विधानसभेचे मतदान होते. आदल्या संध्याकाळी आमचे पथक यंत्रे घेऊन एका वस्तीवरच्या शाळेत उतरले. आम्ही खोल्या लावतो आहोत तोच शेजारच्या घरातून एक सत्तरीतल्या आजी थाळीत चहाचे कप घेऊनच आल्या. पाणी मागायलाही त्यांनी सवड दिली नाही. बाकीच्यांनी कप उचलले. मी म्हणालो, "आजी, मी दूध घेत नाही."

आजींनी थाळी खाली ठेवली नाही, की पुढेही केली नाही. माझ्याकडे पाहत त्या हलकेच म्हणाल्या, "कामून ओ सर? आमच्या घरचं चालत न्हाई का?"

मी काम तसेच टाकून त्यांच्याबरोबर घरी गेलो, ओट्यावर बसलो, म्हणालो, "आजी, तांब्याभर पाणी द्या. आणि सकाळची चतकोर भाकर उरली असली तर तीही द्या. भूक लागली आहे." आजी क्षणभर पाहत राहिल्या. मग पाणी आले, भाकर आली, भाकरीवर लसणाचा ठेचा आला. मी जेवताना त्या जोत्यावर टेकल्या, तेव्हा मी त्यांना पेंढा भरलेल्या रेडकाची गोष्ट सांगितली. ती सगळी ऐकून घेऊन त्या म्हणाल्या, "आमच्या म्हशीखाली बी रेडकू हाय, सर. म्या रोज एक सड त्याच्यासाठी ठिवते. त्याच्या वाट्याचं न्हाई पिळत."

ज्या गोष्टीसाठी मी नऊ वर्षे व्याख्याने द्यायचे टाळत आलो, ती त्या माउलीने एका सडात सांगून टाकली. मग उठून त्यांनी गूळ घालून बिनदुधाचा चहा केला आणि तो देताना हसल्या. "बहात्तरच्या दुष्काळात असाच पेलो आम्ही. दूध कुठलं आलं तवा? तांबडी मिलो खाल्ली, कामावर सुकडी खाल्ली. तुम्ही आपल्या मनानं पेता, आम्ही मन मारून पेलो."

त्या चहाची चव गोड होती, पण हे वाक्य घशाशी अडकले ते आजवर खाली उतरलेले नाही. १९७२ च्या त्या दुष्काळात परदेशातून आलेली तांबडी मिलो ज्वारी आणि रोजगाराच्या कामांवर मिळणारी सुकडी यांवर मराठवाड्याची एक पिढी तगली. त्यांचे दूध कोणत्या तत्त्वाने सुटलेले नव्हते. माझ्या पिशवीतला ठेचा आणि त्या पिढीच्या फडक्यातला ठेचा दिसायला सारखेच. पण माझ्या ठेच्यामागे निवड आहे, त्यांच्या ठेच्यामागे दुसरे काही नव्हते.

आमच्या करमाडकरांना ही गोष्ट आणखी एका जागी शिकावी लागली. ८ मे २०२० ची पहाट. टाळेबंदीचे दिवस. जालन्याच्या पोलाद कारखान्यातले मध्य प्रदेशचे मजूर गावाकडे जाणारी गाडी मिळेल या आशेने रुळांच्या कडेने पायी निघाले होते. बदनापूर आणि करमाड यांच्या दरम्यान, सटाण्याच्या शिवारात, थकून ते रुळांवरच झोपले. मालगाडी आली. १६ जण गेले. त्यांच्याबरोबरच्या पोळ्या रुळांमध्ये विखुरल्या होत्या. त्यांचे छायाचित्र साऱ्या देशाने पाहिले. सणाच्या अंकात ही आठवण काढू नये असे कोणी म्हणेल. पण कामासाठी प्रवास आणि प्रवासातले अन्न यांवर करमाडच्या माणसाने लिहावे आणि त्या पोळ्यांना वळसा घालून जावे, हे मला जमण्यासारखे नाही. त्यांनीही शिदोरी बांधली होती. त्यांनाही कोणीतरी विचारले असेल, बरोबर काय घेतले? त्या रुळांवरून आजही मी पॅसेंजरने जातो तेव्हा गाडी तेवढा पल्ला ओलांडीपर्यंत माझा डबा उघडत नाही.

म्हणून माझ्या नेमाचा मी कधी डांगोरा पिटत नाही. कष्टकऱ्याने वाटेवर जे नेहमीच खाल्ले तेच मी खातो. त्यात पराक्रम कसला? दूध घालून पोट भरणाऱ्या शेजाऱ्याला मी उपदेश करीत नाही, कारण त्याच्या घरची फी त्याच पैशातून भरली जाते. एवढेच पाहतो, की माझ्या नकारामुळे कोणाच्या घराचा मान उणा होऊ नये. एका गोष्टीला नाही म्हणायचे असेल तर त्याच घरातल्या चार गोष्टींना आधी मनापासून हो म्हणावे. पाण्याला हो, भाकरीला हो, मिठाला हो, आणि ओट्यावर घटकाभर बसण्याला हो. मग दुधाला म्हटलेले नाही कोणाला टोचत नाही.

दिवाळीत माझे काय होते, असा प्रश्न आता तुमच्या मनात आला असेल. बेसनाचे लाडू तुपातले, शंकरपाळ्यांत दूध-तूप. त्यांची माझी गाठ पडत नाही. पण चिवडा माझा आहे, कडबोळी आणि चकल्या तेलाच्या मोहनाच्या असल्या तर त्याही माझ्या आहेत, शेव तर आहेच. शिवाय दिवाळीचा पहिला दिवसच माझ्या बाजूचा आहे. आश्विन वद्य द्वादशी, वसुबारस. त्या दिवशी गाईची आणि वासराची पूजा होते, आणि आपल्याकडे अनेक घरांत बाया गहू-मूग खात नाहीत नि गाईचे दूध, तूप, ताक वर्ज्य करतात. बाजरीची भाकरी आणि गवारीची भाजी असा त्या दिवशीचा बेत. हे कोणा गांधीवाद्याने सांगितलेले नाही, की इंग्लंडातल्या संस्थेने. आपल्याच आज्यांनी पणत्या लावता लावता ठरवून टाकले, की वर्षातला एक दिवस तरी वासराचे वासराला राहू द्यावे.

त्या संध्याकाळी साऱ्या महाराष्ट्रात मी कुठेही असलो, कोणत्याही अनोळखी घरी उतरलो, तरी मला काही सांगावे लागत नाही. ताट समोर येते, त्यात बाजरीची भाकरी असते, गवार असते, आणि गोठ्यात वासरू ढुशा देत पीत असते.